मामांच्या खात्याचा वारस

आमच्या भागात साठी ओलांडलेल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. त्या पिढीतल्या मुलांना शाळेत घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे. गुरुजी दाखल्यावर एक जून लिहीत, म्हणजे शाळा सुरू होताना वयाचा हिशोब सरळ राही. तीच तारीख पुढे आधार कार्डावर गेली, बँकेत गेली आणि शेवटी मोबाइलवरच्या खात्यांवर गेली. माझ्या मामांची जन्मतारीख एक जून आहे. त्यांचे मित्र आबा यांचीही एक जूनच होती.

मामांची वस्ती शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे आहे. रानात शेवंती आणि झेंडू. मी दौंडला राहते. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे शाळा दौंडला आणि सुट्ट्या मामांकडे अशी वाटणी लहानपणापासून होती. पुढे पुण्याच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर नोकरी केली आणि निवृत्तीपर्यंत दौंडहूनच ये-जा केली. त्या पानावरच्या निधनवार्ता बरीच वर्षं माझ्याकडे होत्या. नाव, वय, गाव, मागे कोण. विशेषण एकच, तेही नातेवाइकांनी हट्ट धरला तर.

मामांच्या घरात मोबाइलवरची दोन ॲप रंगावरून ओळखली जातात. ज्यावर घरचे निरोप आणि फोन चालतात ते हिरवं. ज्यावर फोटो टाकतात आणि सगळ्या जगाला दिसतं ते निळं. निळ्यावर मामांचं खातं आहे आणि ते नुसतं नावाला नाही. सकाळी रानात गेले की ते एक फोटो काढतात आणि खाली एक ओळ बोलून टाइप करवतात. दव पडलंय, फवारणी दुपारनंतर करा. कळीवर मावा दिसतोय, पानं उलटी करून बघा. त्या ओळी वाचणारे शेतकरी पार जुन्नर-संगमनेरपर्यंत आहेत. ॲप जितके मित्र ठेवू देतं तितके भरलेले आहेत.

आबा गेले माघात. मला ते कळलं आबांकडूनच. हिरव्या ॲपवर त्यांचं नाव आलं. मला वाटलं, नेहमीसारखा फुलांचा फोटो असेल. उघडलं तर 'दुःखद निधन' आणि अंत्यविधीची वेळ. आमच्याकडे ही रीतच पडली आहे. सगळे नंबर त्याच फोनमध्ये असतात, म्हणून गेलेल्या माणसाच्या फोनवरूनच तो गेल्याचा निरोप जातो. आबांच्या जावयाने तो पाठवला होता. मी त्यावरून चार ओळींची बातमी करून जुन्या डेस्कवर पाठवली आणि ती दुसऱ्या दिवशी छापून आली. अंत्यविधीला मामांनी आबांना खांदा दिला.

त्यानंतरच्या एक जूनला निळ्या ॲपने सगळ्यांना आठवण करून दिली की आज आबांचा वाढदिवस आहे. ॲपला आबा गेल्याचं कुणी कळवलेलं नव्हतं. सकाळपासून आबांच्या खात्यावर शुभेच्छांची रांग लागली. उदंड आयुष्य लाभो, शतायुषी व्हा, आपल्या हातून समाजकार्य घडत राहो. या शुभेच्छा देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी दहाव्याला हजेरी लावली होती. गावच्या राजकारणात वाढदिवस कुणी स्वतः लक्षात ठेवत नाही. ॲप यादी देतं, केकचं आणि गुलाबाचं तयार चित्र असतं, त्यावर नाव बदलायचं आणि पुढच्याकडे जायचं. एक जूनला यादी इतकी लांब असते की नावं वाचायला कुणाला सवड नसते.

त्या रांगेत पहिली शुभेच्छा मामांच्या खात्यावरून होती. हात जोडलेला मामांचा फोटो, फेटा बांधलेला, आणि खाली 'माझे परममित्र आबा यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो'.

मामांना हे माहीत नव्हतं. ते संध्याकाळी आबांच्या घरी नेहमीप्रमाणे चक्कर मारायला गेले. तिथं आबांच्या बायकोने फोन पुढे केला. काय झालं ते मामांनी मला रात्री फोनवर सांगितलं, तेही तुटक. वहिनी चिडल्या नव्हत्या, रडल्याही नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की बाकीच्यांचं काय मनावर घ्यायचं, पण भावजी, हे तुमच्या नावानं आलं.

"तू उद्या ये," मामा मला म्हणाले. "माझ्या नावानं मी जित्ता असताना हे हुतंय. मी गेल्यावर माझं नाव कुणाच्या तोंडी असंल, ते मला आत्ताच ठरवायचं हाय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने केडगावला उतरले, चौफुल्याहून जीप धरली आणि पारगावचा पूल ओलांडून जेवणाच्या आधी वस्तीवर पोचले. शेवंतीची लावण चालू होती. मामा बांधावर उभे होते, पण बायकांना सूचना देत नव्हते. यावरून मी काय ते ओळखलं.

जेवण झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांचं खातं किती ठिकाणी उघडं आहे, हे ॲपमध्येच दिसतं. मी ते पान काढून वाचून दाखवलं. एक फोन मामांचा. दुसरा माझ्या मामेभावाचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा. तिसरा सणसवाडीत. सणसवाडीत भावाच्या ओळखीचा एक फ्लेक्सवाला आहे. कंपन्यांच्या गेटसमोर वाढदिवसाचे फलक लावणं हा त्याचा धंदा, आणि अलीकडे पुढाऱ्यांची खाती चालवणं हा जोडधंदा. मामांच्या खात्याचा पासवर्ड म्हणजे घरचा मोबाइल नंबर. तो वस्तीवर सगळ्यांना पाठ होता.

मामांनी ते बोटांवर मोजलं.

"म्हंजी तिघं मिळून एक आप्पा व्हय," ते म्हणाले.

घरात आणि गावात त्यांना आप्पा म्हणतात. मी एकटी मामा म्हणते.

भाऊ तेवढ्यात मोटरसायकल लावून आत आला होता. तो विकास सोसायटीचा संचालक आहे आणि सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. त्याने काहीच लपवलं नाही. त्याचं स्वतःचं खातं आहे, पण तिथं माणसं मोजकी. आप्पांच्या नावाला वजन आहे, म्हणून गेल्या वर्षापासून शुभेच्छा, श्रद्धांजली, निवडीबद्दल अभिनंदन हे सगळं तो आप्पांच्या नावाने पाठवत होता. सणसवाडीचा माणूस फक्त चित्रं चढवायचा. आबांचं नाव यादीतून काढायचं राहून गेलं, ही चूक त्याने मान्य केली. आबांच्या घरी जाऊन तसं सांगायचीही त्याची तयारी होती. पण त्याचा मुद्दा वेगळा होता आणि तो त्याने सोडला नाही.

"आप्पा, एक जूनला एखाद्याला शुभेच्छा द्यायच्या राहून गेल्या, तर तो माणूस वरीसभर लक्षात ठिवतो."

"आन् मेलेल्याला दिल्या तर?" मामांनी विचारलं. "तो किती वरीस?"

मामी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताट खाली न ठेवता सुनावलं की जिवंतपणी बापाचं पोरगा ऐकत नाही, आणि बाप आता मेल्यावर ऐकवायची सोय करतोय. भाऊ हसला. मामा हसले नाहीत.

आधी आबांचं काम करायचं ठरलं. मामा आणि मी त्यांच्या घरी गेलो. मी आबांच्या बायकोला दोन वाटा समजावून सांगितल्या. एक, खातं कायमचं बंद करायला सांगता येतं. मग त्यातलं सगळंच जातं. दुसरी, खातं स्मरणार्थ ठेवता येतं. मग नावापाशी तसा शब्द येतो, आधीचे फोटो आणि लिहिलेलं राहतं, कुणालाही त्या खात्यात शिरून आबांच्या नावाने काही लिहिता येत नाही आणि वाढदिवसाची आठवण लोकांना जात नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बंद नका करू. त्यात त्यांचं रान हाय, बैलं हायती. फकस्त त्यांना जित्तं धरू नका."

ॲप मृत्यूचा पुरावा मागतं. दाखला चालतो आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ताही चालते. मी पाठवलेली चार ओळींची बातमी त्यांनी कापून देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवली होती. तिचाच फोटो काढून अर्जाला जोडला. थोड्या दिवसांत आबांच्या नावापाशी तो शब्द आला. निधनवार्ता लिहिताना ती वाचकांसाठी आहे असं मी धरून चालत असे. यंत्राला कळवण्यासाठीही ती उपयोगी पडते, ही माहिती मला नवी होती.

परतल्यावर मामांचं खातं. पहिल्यांदा बाकीचे दोन फोन बाहेर काढले. ते एका बटणाचं काम आहे. भावाने स्वतःच्या फोनवर बघितलं आणि त्यावरून आप्पांचं खातं गेल्याचं सांगितलं. मग पासवर्ड बदलला. मामांनी तो स्वतः टाइप केला. मी तोंड फिरवून बसले होते. त्यांना वेळ लागला आणि एकदा चुकला. शेतात मातीत काम करून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या आहेत, त्यामुळे फोन अंगठ्याने उघडत नाही. सगळं आकड्या-अक्षरांवरच.

मग जन्मतारीख. मी विचारलं, खरी कुठली टाकायची? मामांच्या आईने त्यांना सांगितलेलं एवढंच होतं की बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी, शिंगं रंगवायची धांदल चालू असताना. वर्ष तिलाही पक्कं नव्हतं. अशी तारीख ॲपमध्ये बसत नाही. आम्ही एक जून कुणाला दिसणार नाही असं करून टाकलं. पुढच्या वर्षी मामांच्या नावावर गुलाब येणार नाहीत, हे भावाला लगेच उमगलं. त्याच्या दृष्टीने हे सर्वांत मोठं नुकसान होतं, कारण वाढदिवसाला कोण आठवण ठेवतं आणि कोण नाही, यावरून गावात माणूस मोजतात. तो मला म्हणाला की ताई, तुम्ही दौंडला राहता, तुम्हाला इथं मतं मागायची नाहीत. ते खरं होतं.

आता मुख्य गोष्ट राहिली होती. मामा गेल्यावर खात्याचं काय, हे ॲपमध्ये आत्ताच नोंदवून ठेवता येतं. एकतर ते पुसून टाकायला सांगायचं. नाहीतर स्मरणार्थ ठेवायचं आणि ते राखायला एक माणूस नेमायचा. मामांनी मला त्या नेमलेल्या माणसाचं काम विचारलं आणि मी ते एकेक करून सांगितलं. तो एक मजकूर लिहून सगळ्यांत वर कायम ठेवू शकतो. मामांचा फोटो बदलू शकतो. नवीन कुणी ओळख मागितली तर हो-नाही म्हणू शकतो. खातं नको झालं तर बंद करायची विनंती करू शकतो. मामांनी कुणाला पाठवलेले खासगी निरोप त्याला वाचता येत नाहीत. मामांनी आधी लिहिलेलं त्याला बदलता येत नाही. आणि मामा म्हणून त्याला एक शब्दही बोलता येत नाही.

"शुभेच्छा?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं की नाही, देता येत नाहीत.

"निवडणुकीला पाठिंबा?"

तोही नाही.

भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आपल्याला आत्ताच बाहेर काढलं आहे आणि आता माझं नाव टाकलं जाणार, असं त्याने धरलं होतं. मलाही तसंच वाटत होतं आणि मी नकार द्यायची तयारी केली होती. मामांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"मग त्याचंच नाव टाक," ते म्हणाले.

भाऊ म्हणाला, "माझं? आत्ताच तर काढलं मला."

"आत्ता काढलं, कारण तू माझ्या तोंडानं बोलत हुतास. ह्यात बोलायचं न्हाई, राखायचं हाय. ते पोरानंच करायचं असतं."

भाऊ आत येऊन बसला. मी त्याचं नाव निवडलं. त्याच्या फोनवर सूचना वाजली की तुम्हाला या खात्यासाठी नेमण्यात आलं आहे. त्याने ती वाचली आणि फोन खिशात ठेवला. मामींनी चहा आणला. लावणीच्या बायका घरी जायला निघाल्या होत्या. मामांनी उठून बाहेर जाऊन उद्याच्या वाफ्याबद्दल त्यांना काय सांगायचं ते सांगितलं आणि परत येऊन बसले.

हिरव्या ॲपचं काय, असं त्यांनी विचारलं. तिथं वारस नेमायची सोय नाही. ज्याच्या हातात फोन, त्याचं ते. नंबर चालू ठेवला नाही तर कालांतराने तो दुसऱ्या कुणालातरी मिळतो. यावर मामांचा निर्णय एका वाक्याचा होता. त्यांच्या मरणाचा निरोप त्यांच्या फोनवरून जाता कामा नये. नंबर उतरवून घ्या, आपापल्या फोनवरून कळवा. भावाने ते कबूल केलं. त्याच बसण्यात त्याने आप्पांच्या फोनमधले नंबर स्वतःकडे घ्यायला सुरुवातही केली.

त्यानंतर मामांनी मला कामाला लावलं. मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं की वर्तमानपत्रात मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधी तयार असतात. माणूस हिंडता-फिरता असतो आणि त्याच्यावरचा मजकूर डेस्कवर तपासून ठेवलेला असतो. फक्त वय आणि तारखेची जागा मोकळी सोडतात. तेव्हा मामा खूप हसले होते. आता म्हणाले, वर कायम ठेवायचा तो मजकूर आत्ताच लिही, म्हणजे मला बघता येईल.

मी सवयीने लिहिलं. प्रगतशील शेतकरी, फूल उत्पादकांचे मार्गदर्शक, अल्पशा आजाराने निधन, मागे पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार.

मामांनी भावाला ते मोठ्याने वाचायला लावलं. 'प्रगतशील'वर त्यांनी हात वर केला आणि तो शब्द गेला. 'मार्गदर्शक' गेला.

"अल्पसा आजार?" त्यांनी मला विचारलं. "तुला काय ठाव? ट्रॅक्टरखाली गेलो तर?"

मी 'अल्पशा आजाराने' काढलं. हे दोन शब्द मी नोकरीत किती वेळा छापायला सोडले असतील, याचा अंदाज नाही. त्यावर हरकत घेणारा मला पहिल्यांदाच भेटला, कारण बाकीच्यांना हरकत घेता येण्यासारखी नव्हती. परिवारही काढायला सांगितला. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांना सुनेचा-नातवंडांचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं पडलं. वय टाकू नको म्हणाले, ते गुरुजींनी ठरवलेलं आहे.

उरलं ते असं: 'आप्पा गेले. या खात्यावर आता कोणी बोलणार नाही. इथं बोलेल तो आप्पा नव्हे. शेवंतीबद्दल काही विचारायचं असेल तर वस्तीवर या, मुलगा सांगेल.'

शेवटचे दोन शब्द मामांनी सगळ्यात शेवटी घातले. भाऊ वाचताना तिथं थांबला. त्याला शेवंतीतलं फारसं कळत नाही आणि हे तिघांनाही माहीत होतं. तो म्हणाला की आप्पा, मला मावा आणि फुलकिडे यातला फरक धड सांगता येत नाही.

"मला अजून लगेच कुठं जायचंय," मामा म्हणाले. "उद्या सकाळी ये रानात."

मग भावाने मजकूर पुन्हा वरून खाली बघितला. डेस्कवर बसल्यासारखा त्याने प्रश्न काढला.

"आन् तारीख?"

"ती तू टाकशील," मामा म्हणाले.

ही गोष्ट गेल्या जूनची. मामांनी त्याच आठवड्यात निळ्यावर जाहीर केलं की यापुढे या खात्यावर ते एकटेच लिहितील आणि मुलाला भेटायचं असेल त्यांनी मुलाच्या खात्यावर जावं. बरेच जण गेले. सोसायटीच्या निवडणुकीत भाऊ निवडून आला. त्याचं श्रेय कुठल्या खात्याचं, हे मी तपासलेलं नाही. शुभेच्छा तो आता स्वतःच्या नावाने देतो आणि पाठवण्याआधी आईला यादी वाचून दाखवतो. गावात कोण आहे आणि कोण नाही, हे मामींना सगळ्यांत आधी कळतं.

शेवंती आता फुलावर आहे. मामांच्या खात्यावर रोज सकाळी फोटो येतो. परवाच्या फोटोत पान उलटं धरलेला एक हात होता. तो मामांचा नव्हता, अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. खाली मामांची ओळ होती, की हे फुलकिडे, मावा नव्हे, नीट बघा.

तो मजकूर भावाच्या फोनमध्ये आहे. तारखेची जागा मोकळी आहे.